माणसे मोजताना

लोकसंख्या आणि पर्यावरण या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा एक उत्तर बरोबर घेऊनच येतो. माणसे फार झाली, म्हणून जंगले गेली, विहिरी आटल्या, हवा बिघडली. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. किती माणसे, हा प्रश्न विचारून झाल्यावर कोण, कुठे, कशाच्या आधाराने जगतो आणि त्याच्या जगण्याचा भार कोणाच्या जमिनीवर पडतो, हे विचारावे लागते. या ग्रंथातले सगळे लेख त्या पुढच्या प्रश्नांचे आहेत. ते विचारायची तयारी असलेल्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत.

आधी संख्या पाहू, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. जगाची लोकसंख्या १०० कोटींवर पोचायला १८०० नंतरची पहिली काही वर्षे उजाडावी लागली. पुढचे १०० कोटी सुमारे सव्वाशे वर्षांत वाढले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आपण ८०० कोटी झालो. भारताचा आलेख वेगळा आहे. १९११ ते १९२१ या दशकात आपली संख्या किंचित घटली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने तेव्हा घरेच्या घरे रिकामी केली होती. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी. या वाढीचे मुख्य कारण मृत्यूचे घटलेले प्रमाण हे आहे. देवी गेली, हिवताप आटोक्यात आला, दुष्काळात धान्य पोचू लागले. पूर्वी पाळण्यातच जाणारी मुले मोठी होऊ लागली. लोकसंख्यावाढीला सरसकट संकट म्हणण्याआधी ही गोष्ट मनात पक्की ठेवावी असे मला वाटते. ही वाढ आधी आनंदाची बातमी होती.

वाढीची भीती मात्र जुनी आहे. माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ चा. पुढे तो हेलिबरीच्या महाविद्यालयात ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवत असे. अन्नापेक्षा तोंडे वेगाने वाढतात हा त्याचा विचार पुस्तकात राहिला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मदतीचा हात आखडता घेणाऱ्या राज्यकर्त्यांना त्याचा आधार मिळाला. त्याला सर्वांत समर्थ उत्तर दिले एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या भारतात राहून काम करत होत्या. १९६५ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की माणसे वाढली की शेतीची पद्धत बदलते. पडीक ठेवण्याचा काळ कमी होतो, खत, पाणी, मेहनत वाढते, आणि तीच जमीन अधिक पिकू लागते. केनियातल्या माचाकोस जिल्ह्यात १९३० नंतरच्या साठ वर्षांत माणसे सुमारे पाचपट झाली, तरी धूप कमी झाली, कारण वाढत्या हातांनी उतारांवर ताली घातल्या. असे सगळीकडे घडत नाही. कुठे घडते आणि कुठे नाही, हाच अभ्यासाचा गाभा.

१९६८ साली पॉल अर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एका पुस्तकात लोकसंख्येला बॉम्बची उपमा दिली. त्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीतल्या गर्दीने होते. ज्या देशातला माणूस आजही दरसाल सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या देशाची गर्दी दाखवून जगाला धोक्याचा इशारा दिला गेला. अमेरिकी माणसाचा आकडा याच्या कितीतरी पट आहे. पुढे अर्लिक आणि जॉन होल्ड्रेन यांनीच माणसांची संख्या, दरडोई उपभोग आणि तंत्रज्ञान यांचा गुणाकार म्हणजे पर्यावरणावरचा भार, असे सूत्र मांडले. ते ढोबळ आहे, पण पहिली पायरी म्हणून आजही उपयोगी पडते.

सूत्रात न मावणारे पाहायचे असेल तर मुंबईचे पाणी पाहावे. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. माणसे वाढत गेली तशी शहराची तहान बेटाबाहेर, मग साष्टीबाहेर पोचली. १८९२ साली तानसा, स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. आज जवळजवळ सगळे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते. त्यातले बरेचसे जिथून येते त्या शहापूर तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजार माणसे राहतात, शहापुरात त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतकी. दाट वस्ती एकीकडे, पाण्याची ओढ दुसरीकडे.

याच कहाणीला दुसरीही बाजू आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सांगायला मला फार आवडते. पाणलोट शुद्ध राहावा म्हणून विहार आणि तुळशीभोवतीचे रान पालिकेने राखले. तेच आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे, म्हणूनच महानगराच्या कुशीत बिबट्या नांदतो. तानसाभोवतीही अभयारण्य आहे. म्हणजे शहराच्या वाढत्या गरजेने जंगल वाचवलेही. त्या राखलेल्या रानात वारली, ठाकूर, कातकरी यांच्या वहिवाटीवर मात्र बंधने आली. यातला भार कोणाच्या खात्यावर मांडायचा? कोष्टक पाहून याचे उत्तर देता येत नाही, पाड्यावर जावे लागते.

उलट उदाहरण कोकणाचे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसे कमी झाली म्हणून डोंगर आपोआप हिरवे झाले नाहीत. खासगी रानातली तोड चालू राहिली, कातळावर कलमांच्या बागा चढल्या, आणि कसणारे हात नसल्याने भाताचे मळे पड राहिले.

संख्येबद्दल बोलताना माणसाच्या देहाबद्दल आणि इच्छेबद्दल बोलावेच लागते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, ते स्त्रीच्या आरोग्याची आणि तिच्या निवडीची बाजू घेऊन. १९७६ मध्ये त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. ते अमलात आले नाही, पण आणीबाणीत देशभर जे घडले त्याने गरिबांच्या मनात सरकारी दवाखान्याची भीती बसली. जन्मदर पुढे घटला तो मुलींची शाळा, बालमृत्यूंतली घट आणि साधनांची उपलब्धता यांमुळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर २.० होता, महाराष्ट्राचा १.७. तरीही संख्या काही दशके वाढतच राहील, कारण आज तरुण असलेली पिढीच मोठी आहे. सक्तीची भाषा पुन्हा ऐकू येते तेव्हा या क्षेत्रातल्या माणसाने गप्प बसू नये.

महाराष्ट्रात या अभ्यासाला जुनी बैठक आहे. पुण्याची गोखले संस्था १९३० ची, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ ची. धनंजयराव गाडगीळ पहिल्या संस्थेत अर्थकारण मांडत होते. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी रामचंद्र गुहा यांच्यासह निसर्गावर थेट जगणारे, सगळीकडून साधने ओढून घेणारे आणि उखडले गेलेले असे समाजाचे तीन थर दाखवून दिले. पण या अभ्यासाचे दालन विद्यापीठातल्यांपुरते नाही. अंगणवाडीताई, तलाठी, विहिरीची पातळी मोजणारा कर्मचारी यांच्याजवळ असलेली माहिती आमच्याकडे नसते.

नवी जनगणना २०२७ मध्ये होत आहे. तोवर आपल्या जिल्ह्याची १९५१ पासूनची जनगणना पुस्तिका मिळवा, पिकांखालचे क्षेत्र आणि भूजलाच्या नोंदी तिच्याशेजारी ठेवा, आणि ज्या दशकात दोन्हींची दिशा जुळत नाही त्या दशकापासून वाचायला लागा. पुढचे लेख तिथून सुरू होतात.