पोलादाचा साचा, रबराचा साचा

जपानमधल्या शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाची गिरणी काढली. काही काळातच तिथे लाकडी मॉडेलं बनू लागली. १९५१च्या आगीत लाकडाचा साठा भस्मसात झाला आणि दोन वर्षांनी कंपनीने लाकूडविक्री सोडून मॉडेलांनाच वाहून घेतलं. पहिलं प्लॅस्टिक मॉडेल १९६० साली आलं, 'यामातो' या युद्धनौकेचं. १९६७मध्ये होंडाच्या आरए २७३ या फॉर्म्युला वन गाडीचं एकास बारा प्रमाणातलं किट बाजारात आलं आणि शर्यतीच्या गाड्या घरोघरी टेबलावर जुळू लागल्या.

प्लॅस्टिक किटचं सगळं अर्थकारण साच्यावर उभं असतं. वितळलेलं पॉलिस्टायरीन प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. काही सेकंदांत ते गोठतं आणि सुटे भाग चौकटीसकट बाहेर पडतात. असे हजारो संच एकसारखे निघतात. पण साचा कोरायचा खर्च इतका, की तेवढी विक्री झाल्याशिवाय तो वसूलच होत नाही.

त्यामुळे नामांकित गाड्यांनाच पसंती मिळाली. सहा चाकांच्या टायरेल पी ३४ने १९७६च्या स्वीडिश ग्रां प्रीत पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. पुढच्याच वर्षी तामियाचं एकास वीस प्रमाणातलं किट दुकानात होतं. १९८८मध्ये १६पैकी १५ शर्यती जिंकणाऱ्या मॅकलारेन एमपी४/४लाही हा मान मिळाला. मेहनतीत मात्र कसूर नव्हती. पोर्शे ९३४चं किट करण्यासाठी कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण खोलून अभ्यासली.

पण ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत दरवर्षी पन्नास-साठ गाड्या उतरतात. त्यातल्या मध्यरात्री इंजिन बंद पडलेल्या गाडीसाठी पोलादाचा साचा कोण कोरणार?

ती गाडी रेझिनने जपली. मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, त्यात दोन द्रवांचं पॉलियुरेथेन रेझिन मिसळून ओतायचं, की थोड्याच वेळात भाग घट्ट होतो. दोन-तीन डझन ओतकामांत साचा फाटू लागतो, पण तो स्वस्त असल्याने थोडेच संच विकले तरी धंदा चालतो. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या 'स्टार्टर' आणि 'प्रोव्हान्स मुलाज' यांनी याच पद्धतीने ल मांच्या गाड्या एकास त्रेचाळीस प्रमाणात आणल्या. पुढे जपानमध्ये 'स्टुडिओ २७' आणि 'मॉडेल फॅक्टरी हिरो' यांनी हे काम फार वरच्या पातळीवर नेलं. रबर लवचिक असल्याने आत वळलेल्या कडाही साच्यातून सुखरूप निघतात, म्हणून गाडीचा अख्खा सांगाडा एकसंध ओतता येतो.

फरक खरा कळतो तो जोडायला बसल्यावर. प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद, म्हणजे सिमेंट, दोन्ही कडा विरघळवून त्या एकजीव करतो. रेझिनवर तो निष्प्रभ ठरतो. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सीच लागतं. रंग धरावा म्हणून भाग आधी साबणाने धुवावे लागतात, नाहीतर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर रंगाला टिकू देत नाही. हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली टाचणीएवढी भोकं पुटीने बुजवायची, वाकडा झालेला मागचा पंख गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करायचा आणि गार पाण्यात धरायचा. धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून पॉलिश पेपर ओला करून, तोंडावर मास्क लावूनच घासायचं.

तरीही या दोन परंपरा एकमेकींच्या आधाराने वाढल्या. तामियाच्या किटला दुसऱ्या शर्यतीतलं किंवा दुसऱ्या संघाचं रूप देणारे रेझिनचे सुटे भाग आणि गाडीवर चिकटवायची डेकलं छोटे कारखाने विकू लागले. आता मूळ नमुने थ्री-डी प्रिंटरवर निघतात, काही भाग तर थेट छापूनच डब्यात येतात आणि ते शिझुओकाच्या प्लॅस्टिक सांगाड्यावर बसतात.