सनदेनंतरचे अध्ययन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्या शेंड्याला झेंडा बांधला जातो आणि सावरगाव व पांढुर्णा ही दोन्ही गावे आपापल्या काठावर गोटे घेऊन उभी राहतात. गोटमारीचे वर्णन आपल्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्याचे डोके फुटले तो टाके घालून घेई, चंडीमातेचे नाव घेई आणि घरी जाई. त्यावरून कोणी कोणावर दावा लावल्याचे आमच्या लहानपणी मी ऐकले नाही.

आमच्या कुटुंबात एक चुलत आजोबा वकील होते. आम्ही मुले त्यांना वकीलआजोबा म्हणत असू. एका पोळ्याला, शेजारच्या मुलाचा डोळा थोडक्यात वाचला तेव्हा, मी त्यांना विचारले, "आजोबा, याची भरपाई कोण देणार?" ते म्हणाले, "जो आपण होऊन खेळात उतरला त्याने इजेची तक्रार करू नये, असे एक जुने तत्त्व आहे. दंडसंहितेत दोघे हौशीने तलवारीचे हात करतात, असा दाखलाही दिला आहे. पण जबर इजेला माणूस संमती देऊ शकतो काय, हा प्रश्न निराळा. तो मला पुन्हा वाचून पाहावा लागेल." त्या वेळी त्यांच्या वकिलीला तीसहून अधिक वर्षे झाली होती. इतकी वर्षे वकिली केलेल्या माणसाला अजून वाचावे लागते, याचे मला तेव्हा नवल वाटले. आज, शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, त्या वाक्याचे मोल अधिक कळते. इजेच्या कायद्याचा इतिहास पाहिला म्हणजे दिसते की, जखमी माणसाचे भवितव्य वकिलाच्या सनदेपेक्षा त्याच्या सनदेनंतरच्या अध्ययनावर अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात आपल्या भागापुरता त्याचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

इजेची भरपाई ही कल्पना आपल्या कायद्यात तशी उशिरा आली. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला, असे जुने इंग्रजी तत्त्व होते. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा आला आणि दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्या माणसाच्या पत्नीस, पतीस, आईवडिलांस व मुलांस भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि भोसल्यांच्या काळापासून येथे स्थायिक झालेली आपली मराठी घराणी नव्या कचेऱ्यांच्या दारी येऊ लागली. १८७९ च्या कायद्याने प्लीडर व मुखत्यार यांच्या सनदांची व्यवस्था लागली. मात्र सनद मिळाल्यानंतर त्या वकिलाने काय वाचावे, याची व्यवस्था कोणत्याच कायद्याने लावली नाही.

पुढचा टप्पा खाणींचा. सौसर भागात मँगनीज आणि परासियाकडे कोळसा निघत असल्याने इजा ही येथील मजुराची रोजची सोबतीण होती. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने मजुराच्या डोक्यावरून बरेचसे उतरवले. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढे दाखवले की परिशिष्टाप्रमाणे रक्कम ठरे. दिवाणी दाव्यांत मुरलेल्या वकिलाला हे सारे नवे होते. चूक कोणाची, यावरच युक्तिवाद करण्याची सवय लागलेल्या माणसाला आता मजुरीचा हिशेब आणि परिशिष्टातील टक्केवारी शिकणे भाग पडले. अनुभवी वकिलाने नव्याने शिकण्याची आपल्या भागातील ही बहुधा पहिली मोठी वेळ असावी.

सुदैवाने त्या काळी शिकण्याची साधने हाताशी होती, कारण नागपूर हाताशी होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि पाठोपाठ विधी महाविद्यालय निघाले. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला यांनी तेथे अध्यापन केले. व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ मध्ये नागपुरात 'ऑल इंडिया रिपोर्टर' सुरू केले. निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निर्णय एका ठिकाणी, ठरावीक काळाने, वर्गणी भरून घरपोच मिळू लागले. 'एआयआर' ही तीन अक्षरे पुढे देशभरच्या न्यायालयांत दुमदुमली, पण त्यांचा उगम आपल्या शेजारी, एका मराठी माणसाच्या उद्योगात आहे. वकीलआजोबांच्या कपाटात ते खंड ओळीने लावलेले असत. रविवारी सकाळी स्नान झाल्यावर ते नवा अंक घेऊन बसत आणि कामाचे निर्णय एका रुंद वहीत मराठीत टिपून ठेवत. त्या काळी निरंतर शिक्षण हा शब्दप्रयोग कोणाच्या तोंडी नव्हता, पण ती वही त्याच शिक्षणाची होती.

१९३६ मध्ये नागपूर येथे उच्च न्यायालय झाले. सावरगावहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीने जावे, अपिलाचे काम पाहावे, वकीलमित्रांच्या बैठकीत नवे काय झाले ते ऐकावे आणि परतावे, असा परिपाठ असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मोडला. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्ह्यासह सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले आणि आपले उच्च न्यायालय जबलपूरला गेले. हिदायतुल्ला हे नागपूर उच्च न्यायालयाचे शेवटचे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. अंतर जवळपास तिप्पट झाले. वकीलआजोबा म्हणत, "माझे शिक्षण एका राज्यात राहिले आणि पक्षकार दुसऱ्या राज्यात." नागपूरच्या बैठकींत आता मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांची चर्चा होई, तर येथील वकिलाला बंधन जबलपूरच्या निर्णयांचे. साक्षीदार मराठीत बोले आणि कागद हिंदीत लिहिला जाई. सीमेवरच्या वकिलाला दोन्हीकडचे वाचावे लागले. ज्यांनी वाचले ते इतरांहून अधिक जाणते झाले. ज्यांनी वाचणे सोडले ते १९५६ सालातच थांबले.

योगायोग असा की, त्याच १९५६ सालच्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद झाली. पुढे हा कायदा धावू लागला. १९८२ मध्ये, चूक कोणाचीही असो, मृत्यू झाल्यास पंधरा हजार रुपये देण्याची तरतूद आली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. १९९४ च्या दुरुस्तीने ही रक्कम पन्नास हजार केली आणि अर्ज करण्याची मुदतच काढून टाकली. शिवाय अपघात कोठेही झाला तरी अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. नागपूर-अमरावतीकडे कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व केवढे, हे सीमेवर राहणाऱ्यास सांगावयास नको.

येथे एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. १९९९ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी महसूल खात्यात होतो. एक विधवा बाई जमिनीच्या फेरफाराच्या कामासाठी माझ्याकडे आल्या. १९९३ मध्ये त्यांचे यजमान ट्रकखाली सापडून वारले होते. भरपाई मिळाली का, असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब म्हणाले, मुदत गेली." १९८८ च्या कायद्यात सहा महिन्यांची आणि फार तर बारा महिन्यांपर्यंत वाढवता येणारी मुदत होती, तेव्हा मला ते पटले. मी फेरफार करून दिला आणि विषय संपला. ती मुदत १४ नोव्हेंबर १९९४ पासून उठली होती, हे त्या वकिलांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या धन्नालाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुदत उठल्याचा लाभ जुन्या अपघाताच्या प्रलंबित अर्जालाही दिला होता. तो निर्णय माझ्या वाचनात आला तेव्हा मी त्या गावाहून बदलून गेलो होतो. बाईंचा पत्ता लागला नाही. त्या वकिलांची नीयत वाईट होती असे मी म्हणणार नाही. ते जुन्या पिढीतले, सभ्य आणि अनुभवी होते. पण त्यांचे ज्ञान एका दुरुस्तीने मागे पडले होते, आणि त्याची किंमत त्यांनी नव्हे, बाईंनी मोजली.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. म्हणून आजचा एक हिशेब मांडतो. समजा, बत्तीस वर्षांचा एक संत्रा-मजूर अपघातात गेला. महिना कमाई नऊ हजार, मागे पत्नी आणि तीन मुले. वर्षाची कमाई १,०८,००० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निर्णयाप्रमाणे स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला तर ८१,००० उरतात आणि त्या वयाचा गुणक १६ लावला तर १२,९६,००० रुपये होतात. येथे थांबणारा वकील २००९ साली थांबला. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की, चाळीस वर्षांखालील स्वयंरोजगारी किंवा ठरीव वेतनावरच्या माणसाच्या कमाईत भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत. तसे केले तर आकडा १८,१४,४०० होतो. फरक ५,१८,४०० रुपयांचा. यात वक्तृत्व नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही, केवळ एक निर्णय वाचलेला असणे वा नसणे आहे.

जखमी माणूस जिवंत असेल तर काम आणखी नाजूक होते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये समजावून सांगितले की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला वाहनचालक किंवा सुतार आपल्या धंद्यातून पार उठतो, कचेरीतला कारकून कदाचित नोकरीत टिकतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्केवारी दोघांची एकच असेल. तेव्हा डॉक्टरांस साक्षीला बोलावून काय विचारायचे, हे वकिलाने शिकलेच पाहिजे. विजेच्या तारेचेही तसेच. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी या २००२ च्या निर्णयाने ठरवले की, धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने तिच्यापासून झालेल्या हानीची जबाबदारी घ्यावी, मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची सक्ती वारसांवर नाही. शेतात तुटलेल्या तारेने माणूस जाण्याचे प्रसंग आपल्या खेड्यांना अपरिचित नाहीत.

आणि कायदा थांबलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने उठवलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली. शंभर वर्षे पाठ केलेली कलमे एका दिवसात बदलली.

मग अनुभवी वकिलाने शिकावे कोठे? न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, जबलपूरला राज्याची अकादमी आहे. वकिलांसाठी १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने व्याख्याने व परिसंवाद भरवण्याचे काम बार कौन्सिलांकडे दिले, पण हजर राहण्याचे बंधन घातले नाही. २०११ पासून नव्या वकिलास एक परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर चाळीस वर्षे कोणी काही विचारत नाही. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांना ठरावीक तासांचे शिक्षण सक्तीचे केले. सक्तीने विद्या येते असे मी मानत नाही. शासकीय प्रशिक्षणवर्गांत डुलक्या घेणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, प्रसंगी त्यांत मीही होतो. शिवाय ज्याने तीस वर्षे न्यायालय गाजवले त्याला बाकावर बसवून पहिल्या धड्यापासून शिकवणे हे त्याच्या मानालाही सोसत नाही. त्याला हवी असते बरोबरीच्यांची बैठक. कोणी नुकताच झालेला निवाडा वाचून दाखवावा, एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने अपंगत्वाचा दाखला कसा ठरतो ते सांगावे, हरलेल्या दाव्यात काय राहून गेले हे ज्येष्ठाने मोकळेपणी कबूल करावे. नागपूरच्या जुन्या बैठकींत हेच चालत असे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या उभ्या राहतात, पाट्या लागतात. त्याबरोबर वकीलमंडळींच्या खोलीत महिन्यातून एक रविवार अशा बैठकीसाठी राखला गेला तर ते काम कोणत्याही इमारतीइतकेच मोलाचे होईल. आपल्यापैकी अनेक घरांत जुन्या वकिलांची कपाटे, खंड आणि टिपणवह्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांतील कायदा आज जुना झाला, परंतु त्या वह्या नव्या वकिलांनी एकदा पाहाव्यात अशा आहेत.

वकीलआजोबांची वही माझ्याकडे आहे. गोटमारीचा माझा प्रश्न त्यांनी खरोखरच पुन्हा वाचून पाहिला होता. एका पानावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले आहे : "संमतीने खेळ होतो, जबर इजा माफ होत नाही. अधिक पाहणे." शेवटच्या दोन शब्दांपुढे त्यांनी अर्धे पान कोरे सोडले आहे.