क्लेस्मर: खरं सांगणारा संगीतशिक्षक

आता आपण ज्युलियस क्लेस्मरकडे येऊ. लेखिका जॉर्ज इलियट यांच्या १८७६ सालच्या ‘डॅनियल डेरोंडा’ कादंबरीतला हा संगीतकार श्रीमंत ॲरोपॉइंटांच्या मुलीला, कॅथरिनला, संगीत शिकवतो. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अशा शिक्षकाची गणना जवळजवळ नोकरांतच. त्यात हा परका, ज्यू वंशाचा. कॅथरिन त्याच्याशी लग्न ठरवते, तर आईवडील वारसा तोडण्याची धमकी देतात. पण घरचा पैसा बुडालेली ग्वेंडोलेन गाण्या-अभिनयावर पोट भरेल का, हे विचारायला त्यालाच बोलावते. तो गोड बोलत नाही: उशीर झालाय, फार तर सामान्य दर्जा गाठाल. इलियटबाईंनी १८५४ मध्ये वायमारला लिस्टला जवळून ऐकलं होतं. समाजाने खालची पायरी दिलेल्या माणसाकडेच त्यांनी कलेचा निवाडा सोपवला, हे आपण लक्षात ठेवू.