ओझरचा विमान कारखाना : एकाच ग्राहकावर उभ्या राहिलेल्या उद्योगाचा इतिहास

नाशिक शहराच्या ईशान्येस वीस-बावीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, निफाड तालुक्यात ओझर हे गाव आहे. (अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे ओझर ते वेगळे; ते जुन्नर तालुक्यात येते.) येथील विमान कारखान्याच्या वसाहतीस पंचक्रोशीत 'ओझर मिग' असे म्हणतात. परदेशी विमानाचे नाव मराठी गावाच्या नावास कायमचे चिकटावे, असे उदाहरण महाराष्ट्रात अन्यत्र सहसा आढळणार नाही. ते विमान भारतीय हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. नाव मात्र राहिले आहे.

प्रादेशिक विमानतळ आणि त्याच्या आश्रयाने वाढणारा विमान उद्योग यांचा विचार करताना सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, प्रथम विमानतळ होतो, प्रवासी व माल यांची ये-जा वाढते आणि मग दुरुस्तीचे, सुट्या भागांचे व्यवसाय त्याच्या भोवती जमतात. ओझरचा क्रम याच्या नेमका उलट आहे. येथे आधी कारखाना आला आणि त्याच्या गरजेसाठी धावपट्टी आली. नागरी विमानतळ सर्वात शेवटी आला, तोही पन्नास वर्षांनी. या उलट्या क्रमाचे परिणाम ओझरशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला आजही भोगावे लागतात.

स्थापनेची पार्श्वभूमी

मिग-२१ या सोव्हिएत विमानाच्या परवाना-उत्पादनाचा करार ऑगस्ट १९६२ मध्ये झाला. दोन महिन्यांनी चीनचे आक्रमण झाले आणि कराराला निकड प्राप्त झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले व १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर अविरोध निवडून गेले. कारखाना नाशिकला येण्याशी या निवडणुकीचा संबंध नाशिककर आवर्जून जोडतात. तो पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही. तथापि सीमेपासूनचे अंतर, मुंबई बंदराची जवळीक आणि मोकळी सपाट जमीन या बाबीही ओझरला अनुकूल होत्या. मिगच्या उत्पादनासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये 'एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड' ही कंपनी स्थापन करण्यात आली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरच्या 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट'शी तिचे एकत्रीकरण होऊन आजची 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड' अस्तित्वात आली.

या योजनेतील एक निर्णय ओझरच्या पुढील इतिहासाच्या दृष्टीने स्थानिक राजकारणापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी करण्यात आली. प्रादेशिक समतोलाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने ती समर्थनीय होती. परंतु विमानाच्या मूल्यातील मोठा वाटा असलेले इंजिन आणि उपकरणे ही दोन्ही अंगे त्यामुळे नाशिकच्या परिसराबाहेर राहिली. कच्चा माल, आराखडे व यंत्रसामग्री सोव्हिएत संघातून येत. साहजिकच स्थानिक लघुउद्योजकाच्या वाट्याला येण्याजोगे काम हत्यारे, जोडणीचे साचे, किरकोळ यंत्रित भाग अशा मर्यादेत राहिले.

उत्पादनाचे टप्पे आणि मधल्या पोकळ्या

आरंभी सुट्या भागांचे संच आणून जोडणी होत असे. कच्च्या मालापासून घडविलेले पहिले मिग-२१ हवाई दलाच्या हाती १९७० मध्ये आले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या विमानाच्या तीन आवृत्त्या ओझरला तयार झाल्या. एकूण संख्या साडेसहाशेच्या घरात जाते. त्यानंतर मिग-२७ ची १६५ विमाने झाली. हवाई दलाचा दुरुस्ती तळही १९७० च्या दशकात ओझरलाच आला. ही संख्या पाहता ओझर हे देशातील लढाऊ विमान निर्मितीचे एक प्रमुख केंद्र होते, यात शंका नाही.

तथापि हा आलेख सलग नाही. मिग-२७ चे काम १९९० च्या दशकात संपत आले तेव्हा पुढील विमानाची मागणी हाती नव्हती. सोव्हिएत संघाचे विघटन झाल्याने सुट्या भागांचा पुरवठाही विस्कळीत झाला होता. त्या काळात कारखान्यास तारले ते जुन्या विमानांच्या देखभालीने आणि १२५ मिग-२१ विमानांच्या आधुनिकीकरणाने. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआयच्या परवाना-उत्पादनाचा करार झाला. ओझरचे पहिले सुखोई २००४ मध्ये हवाई दलास मिळाले. मूळ १४० विमानांची मागणी वाढत २२२ वर गेली. हे काम २०२० च्या सुमारास आटोपले आणि पुन्हा तीच पोकळी निर्माण झाली. आणखी १२ सुखोई विमानांचा सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार होण्यास डिसेंबर २०२४ उजाडला.

या पोकळ्या केवळ कारखान्याच्या ताळेबंदापुरत्या नसतात. मोठ्या सरकारी कारखान्यास वेतन चालू ठेवता येते. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील वीस-पंचवीस कामगारांच्या कार्यशाळेस ते जमत नाही. विमानाचा भाग करावयाचा तर यंत्रे अचूक हवीत, गुणवत्ता तपासणी यंत्रणेची मान्यता हवी, प्रत्येक धातूखंडाची नोंद हवी. हा सर्व खर्च आधी करावा लागतो आणि मागण्या मात्र लहान तुकड्यांत येतात. मध्यंतरी पाच वर्षे काम नसेल तर तोच उद्योजक मोटारींच्या सुट्या भागांकडे वळतो, आणि एकदा वळलेला सहसा परतत नाही. नाशिकचा वाहन उद्योग फोफावला, विमान उद्योग मात्र एका कुंपणाच्या आत राहिला, याचे कारण कौशल्याच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. वाहन उद्योगाला अनेक ग्राहक होते; विमान उद्योगाला एकच.

नागरी विमानतळाचा प्रश्न

सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी कारखान्याच्या मालकीची असल्याने नागरी वाहतूक ही येथे पाहुणी ठरली. राज्य शासनाने बांधलेल्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले. परंतु विमान कंपन्यांअभावी ती बराच काळ रिकामीच होती. डिसेंबर २०१७ पासून 'उडान' योजनेखाली सेवा सुरू झाल्या. त्यांतील दिल्ली सेवा जेट एअरवेज बंद पडल्याने एप्रिल २०१९ मध्ये खंडित झाली. मुंबईचा विमानतळ रस्त्याने काही तासांवर असणे हे तर कायमचेच आव्हान आहे. मालवाहतुकीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कंटेनर कॉर्पोरेशनसह 'हॅलकॉन' हे केंद्र उभारले. द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या जिल्ह्याने त्याकडून केलेल्या अपेक्षा रास्त होत्या.

तेजसचे आगमन

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तेजस एमके-१ए या विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले आणि येथे तयार झालेल्या पहिल्या तेजसने त्याच दिवशी उड्डाण केले. ओझरच्या इतिहासात आराखडा भारतीय असलेले लढाऊ विमान प्रथमच तयार होत आहे. आराखडा देशी असल्याने कोणता भाग कोणाकडून घ्यावा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य परवाना-उत्पादनाच्या तुलनेत अधिक आहे, आणि स्थानिक पुरवठादारांच्या दृष्टीने मिग किंवा सुखोईपेक्षा हे निराळेपण मोलाचे आहे. इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे. त्याच्या पुरवठ्यातील विलंबामुळे २०२१ मध्ये मागविलेल्या ८३ विमानांचे वेळापत्रक कोलमडले. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला असून त्यांची सुपूर्ती २०२७-२८ पासून सहा वर्षांत करावयाची आहे. ओझरच्या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. ग्राहक पूर्वीप्रमाणेच हवाई दल.