देवगिरीची लूट वाटून अलाउद्दीन खिलजी दिल्लीचा सुलतान कसा झाला?

दौलताबादचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. तिथून १२९६ साली गेलेल्या संपत्तीने दिल्लीच्या तख्तावरचा माणूस बदलला, हे मात्र किल्ला बघताना सहसा कोणी सांगत नाही.

तेव्हा दिल्लीत जलालुद्दीन खिलजी सुलतान होता. वय सत्तरीच्या पुढे. अलाउद्दीन त्याचा पुतण्या आणि जावईही. त्याच्याकडे गंगेकाठच्या कडा या प्रांताचा कारभार होता. सुलतानाला मुलं होती, त्यामुळे सरळ मार्गाने जावयाचा नंबर लागणं अवघड होतं. पण सुलतानानंतर कोण, याचा पक्का नियमच दिल्लीत नव्हता. ज्याच्या मागे अमीर आणि फौज, तो सुलतान. आणि फौज बाळगायची तर पैसा हवा.

तो देवगिरीत होता. चंदेरीकडे जातोय असं भासवून, सुलतानाला न विचारता अलाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन दख्खनेत उतरला. यादवांचा राजा रामदेवराय बेसावध होता, मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. किल्ल्यात घाईघाईत आणलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं फिरिश्ता लिहितो. रामदेवरायाला जबर खंडणी देऊन तह करावा लागला. (या रामदेवरायानेही १२७१ मध्ये चुलतभाऊ आमणदेवाला हटवूनच गादी घेतली होती.)

पुतण्याला परतीच्या वाटेवरच अडवा, असा सल्ला अहमद चप या सरदाराने दिला होता. सुलतानाने ऐकलं नाही. अलाउद्दीन घाबरलाय, तुम्हीच जाऊन त्याला धीर द्या, अशी गळ अलाउद्दीनच्या भावाने घातली. म्हातारा मोजकी माणसं घेऊन नावेतून गेला. जुलै १२९६, रमजानचा महिना. पुतण्या पाया पडला, काकाने त्याला प्रेमाने उठवलं आणि तिथेच इशारा झाला. सुलतानाचं मुंडकं भाल्यावर लावून फिरवलं गेलं.

इकडे दिल्लीत राणीने घाईने धाकट्या मुलाला गादीवर बसवलं. थोरला अरकली खान मुलतानला होता, तो आलाच नाही. माझ्या मते इथेच खेळ संपला. अलाउद्दीन भर पावसाळ्यात निघाला आणि मुक्कामा-मुक्कामावर मंजनीकने, म्हणजे दगडफेकीच्या यंत्राने, गर्दीत सोनं उडवत गेला, असं बरनी सांगतो. अडवायला पाठवलेले अमीरच त्याला सामील झाले. ऑक्टोबरमध्ये तो दिल्लीत सुलतान झाला. काकाच्या मुलांना पकडून त्यांचे डोळे काढण्यात आले.

पैसे घेऊन फिरलेल्यांचं काय झालं?

बस्तान बसल्यावर अलाउद्दीनने त्याच अमीरांना धरलं. जे एकदा विकले गेले ते पुन्हा विकले जातील, हा साधा हिशोब. कोणाची मालमत्ता जप्त झाली, कोणी कैदेत गेलं, कोणी जिवाला मुकलं. बरनीच्या म्हणण्यानुसार तिघेच वाचले. त्यांनी सोनं घेतलं नव्हतं.

१३१६ मध्ये अलाउद्दीन वारला, तेव्हाही नियम नव्हताच. मलिक काफूरने त्याच्या थोरल्या मुलांना आंधळं करून लहानग्या शिहाबुद्दीन उमरला गादीवर बसवलं. हा पोर रामदेवरायाच्या मुलीचा, असं काही इतिहासकार मानतात. महिनाभरातच काफूरचा खून झाला. मग उमरचा सावत्र भाऊ मुबारक आधी कारभारी झाला, नंतर सुलतान, आणि त्याने त्या पोराचेही डोळे काढले.