पूल होण्यापूर्वी : आगशी–कुठ्ठाळीची फेरीबोट



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय कळवावा, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले तेव्हा मी आगशी–कुठ्ठाळीच्या फेरीबोटीविषयी बोलेन असे उत्तर दिले. त्यावर त्यांचा दूरध्वनी आला. व्याख्यान इतिहासावरच आहे ना, अशी त्यांनी फार सौजन्याने पृच्छा केली. ती शंका अगदीच अनाठायी नव्हती. आपल्याकडे इतिहास म्हटला की कदंब, आदिलशाही, पोर्तुगीज आणि मुक्तिलढा असा क्रम ठरलेला. एका चपट्या लोखंडी बोटीला त्यात जागा नसते. पुलाला असते. पुलाची कोनशिला असते, उद्घाटनाची तारीख असते, हारतुऱ्यांची छायाचित्रे असतात. जुवारीच्या दोन्ही काठांवर मी अनेकदा हिंडलो, पण येथून वर्षानुवर्षे फेरी चालत होती असे सांगणारा एकही दगड मला आढळला नाही. म्हणूनच हा विषय मी निवडला.

गोव्याच्या नकाशाकडे पाहिले तर तिसवाडी हा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला प्रदेश आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आणि पश्चिमेला अरबी समुद्र. राजधानी या बेटावर, आणि मडगाव, वास्को, म्हापसा ही मोठी गावे बेटाबाहेर. त्यामुळे ज्याला राजधानीत काही काम असे त्याला पाणी ओलांडणे चुकत नसे. पहिल्या जयकेशी कदंबाने अकराव्या शतकात जेथे राजधानी नेली ते गोपकपट्टण याच जुवारीच्या उत्तर काठावर, आगशीच्या शेजारीच होते. समोरची कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. १५६० च्या सुमारास, धर्मांतराच्या त्या भयंकर दिवसांत, भाविकांनी मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून हलवले आणि ही नदी ओलांडून प्रियोळला नेले. आज मंगेशीच्या देवळात जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की तो देव मुळात निर्वासित आहे आणि होडीतून पलीकडे गेलेला आहे? नदी अडवते तशी ती पाठलागापासून वाचवतेही, हे आमच्या पूर्वजांनी स्वतः अनुभवले होते.

लष्करी इतिहासातही नदीचा हा गुण दिसतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी बाणस्तारी आणि बोरी येथील पूल उडवले. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी आपले जवान बेतीला पोहोचले. समोर पणजीचे दिवे, मध्ये मांडवी. ती रात्र त्यांना अलीकडेच काढावी लागली आणि १९ तारखेच्या सकाळी ते पलीकडे उतरले. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा शेवटही एका रात्रीपुरता का होईना, नदीने थांबवून धरला!

आता प्रत्यक्ष बोटीकडे येऊ. आमच्या आजोबांच्या पिढीत शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्या होत्या. नंतर यंत्रावर चालणाऱ्या लाँचा आल्या. त्यांना लोक पोर्तुगीज शब्दावरून ‘गाझोलीन’ म्हणत. पण त्यात माणसे मावत, मोटार नव्हे. मोटारी वाढल्या तशी चपट्या तळाची फेरीबोट आली. तिचा तळ सपाट, कारण काठाजवळ पाणी उथळ. पुढच्या बाजूला साखळ्यांनी वरखाली होणारी जड लोखंडी फळी, मध्ये वाहनांसाठी मोकळा पट्टा, कडेला माणसांसाठी बाकडी, आणि वर सुकाणूची खोली. त्या खोलीत सारंग, खाली यंत्रापाशी ड्रायव्हर आणि फळीपाशी खलाशी. फळी एकाच टोकाला असल्याने मोटारीला कुठे ना कुठे उलटे यावे लागे, चढताना तरी किंवा उतरताना तरी. नवशिक्या चालकाची खरी परीक्षा येथेच होई आणि सर्व प्रवासी परीक्षक होत. दोन्ही टोकांनी वाहने चढू-उतरू शकतील अशा बोटी गोव्यात यायला २०२५ साल उजाडावे लागले. रायबंदर–चोडण मार्गावर त्या सुरू झाल्या.

नदीवर फेरीबोटीचा एकटीचा अधिकार नव्हता. खनिजाने भरलेले बार्ज मुरगावकडे जात. पावसाळ्यात मांडवीचे मुख धोक्याचे होते म्हणून ते कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. बार्ज आला की फेरी थांबे. त्याचा लांबलचक काळा देह समोरून सरकेपर्यंत डेकवरची सगळी माणसे गप्प उभी असत.

या व्याख्यानासाठी शाळेच्या मुलांनी आपापल्या घरच्या वृद्धांकडून आठवणी लिहून आणल्या, त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तो गठ्ठा वाचताना मी दोन दिवस रमून गेलो. एक आजी आगशीची वांगी पाटीत भरून रोज सकाळी पलीकडे नेत. बोटीवरच निम्मी पाटी रिकामी होई, म्हणून त्या बाजाराला नव्हे तर बोटीला देव मानीत. एका निवृत्त वाहकाने सांगितले की दोन्ही काठांना ‘कारेरी’, म्हणजे त्या वेळच्या प्रवासी बसगाड्या, उभ्या असत आणि माणसे सामान डोक्यावर घेऊन एका गाडीतून उतरून, पाणी ओलांडून, दुसऱ्या गाडीत बसत. एका वराची वरात अलीकडे आणि मुहूर्त पलीकडे राहिला. दोन घरांच्या सोयरिकी बोटीवरच ठरल्या. एका गृहस्थांची परीक्षा हुकली आणि ते पुढे वकील होण्याऐवजी दुकानदार झाले. त्यात आपले भलेच झाले, असे त्यांचे मत आहे. बोटीचा रंग कोणता होता याविषयी मात्र एकमत नाही. कोणी हिरवा म्हणतो, कोणी पांढरा, आणि प्रत्येकाला खात्री आहे.

हे सारे वाचून सुखावलो खरा, पण एक गोष्ट मनाला टोचली. या आठवणींत रात्र कोठेच नाही. सगळीकडे सकाळ आहे, वारा आहे, भाजलेले चणे आहेत. फेरी गेल्यावर तिच्यावर प्रेम करणे सोपे असते. मला ते तितके सोपे जात नाही, आणि का जात नाही हे आज प्रथमच सांगतो आहे.

आमचे घर कुठ्ठाळीला. १९६८ सालच्या चवथीच्या दिवशी माझ्या सहा वर्षांच्या बहिणीला ताप चढला आणि दुपारनंतर झटके येऊ लागले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मडगावच्या डॉक्टरांनी तिला ताबडतोब पणजीला न्यायला सांगितले. वडील टॅक्सी घेऊन आले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. आम्ही धक्क्यावर पोहोचलो. पलीकडे आगशीला बोटीचा दिवा दिसत होता, पण तो हलत नव्हता. वडिलांनी हाका मारल्या, टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला, दिवे लावून-विझवून खुणा केल्या. होडीने जावे तर पावसाळ्याचा प्रवाह, आणि पलीकडे वाहन मिळेल याची शाश्वती नाही. बोट आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बहीण पहाटे गेली. तिला आम्ही घरी आणले ते सकाळच्या पहिल्या फेरीने.

आमच्या घरात या घटनेचे एकच स्पष्टीकरण होते : चवथ असल्याने बोटीवरची माणसे घरी जेवायला गेली होती. वडील हे प्रत्येकाला सांगत. मीही सांगत आलो. त्यात कधी शंका आली नाही.

नोकरीला लागल्यावर मी चार वर्षे रोज तीच जुवारी त्याच फेरीने ओलांडून, पुढे मांडवीच्या पुलावरून, येथे बार्देशात शिकवायला येत असे. खलाशांशी मी एक शब्दही बोलत नसे. जुवारीच्या पुलाचे काम १९७१ मध्ये सुरू झाले होते आणि तो १९८३ साली खुला झाला. ८०७ मीटरांचा तो पूल पाहायला वडील पायी गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. घरी येऊन त्यांनी घड्याळ पाहिले आणि किती मिनिटे लागली ते आईला सांगितले. आई काही बोलली नाही. त्या पुलाने फेरीचे मुख्य काम काढून घेतले आणि मला वाटले, आपला आणि बोटीचा संबंध संपला.

तो तीन वर्षांत पुन्हा जोडला गेला. ५ जुलै १९८६, शनिवार. मांडवीवरचा नेहरू सेतू कोसळला. सत्तरच्या आसपास बांधलेला तो पूल दीड दशकच टिकला. काँक्रीटला ताण देणाऱ्या आतील पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. वरून पूल जसाच्या तसा दिसत होता. सोमवारी सकाळी पणजीच्या धक्क्यावर जी गर्दी उसळली ती येथील ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. गोव्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले होते आणि त्यांना सांधायला होते काय? त्याच बोटी. ज्यांना आपण निवृत्त करायला निघालो होतो त्या दिवसरात्र पणजी–बेती धावू लागल्या. १९९२ मध्ये नवा पूल झाला तोवर, म्हणजे सहा वर्षे, मी मुलांच्या उत्तरपत्रिका मांडीवर ठेवून त्या बाकड्यांवर बसलो. पुढे जुवारीच्या पुलावरही अवजड वाहनांना बंदी करावी लागली आणि २०२२ च्या डिसेंबरात शेजारी नवा पूल आला. यंत्रविद्येचा मी अनादर करत नाही. पण पूल म्हणजे कायमचा आणि बोट म्हणजे तात्पुरती, ही आपली समजूत गोव्याच्या खाऱ्या हवेला मान्य नाही, एवढे मात्र नोंदवतो.

त्या सहा वर्षांतच माझे मौन सुटले. बेतीच्या फेरीवर निवृत्तीला आलेले एक खलाशी होते. पूर्वी ते आगशीला होते, हे कळल्यावर मी एका संध्याकाळी त्यांना १९६८ च्या चवथीविषयी विचारले. त्यांना ती रात्र आठवत नव्हती. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, चवथीला रात्री नऊला पाणी कुठे असते?”

मी इतिहासाचा शिक्षक. आणि हा प्रश्न अठरा वर्षांत मला पडला नव्हता. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सर्वांना ठाऊक आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नऊला. आमच्या बाजूला अर्धा-पाऊण तास आधीच धरावी. शिवाय अमावास्येला चारच दिवस झालेले, उधाण पुरते सरलेले नाही, म्हणजे ओहोटीही खोल. बोट धक्क्याला लागायला पुरेसे पाणी अकराच्या सुमारास आले असणार. ती साडेअकराला आली.

म्हणून माणसे जेवायला गेलीच नव्हती असे सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन्ही खरे असू शकते. पण घरातली एक गोष्ट मी पुरावा न तपासता आयुष्यभर सांगितली, आणि वर्गात मात्र मुलांना बखरी कशा तपासाव्यात हे शिकवत राहिलो. वडील तोवर वारले होते.

कुठ्ठाळीचा धक्का आजही वापरात आहे. तेथून मडकईला फेरी जाते. दिवाडीला तर अजून बोटच नेते. गेल्या भाद्रपदात घरच्या गणपतीची आरती आटोपून मी रात्री साडेआठला धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. उताराचे शेवटचे टोक पूर्ण उघडे पडले होते. त्याच्यापुढे चिखल होता आणि त्यात एक होडी आडवी कलंडली होती. वर नव्या पुलाचे दिवे आणि वाहनांचा अखंड आवाज. मी पावले मोजावी म्हणून खाली उतरलो, पण घोट्यापर्यंत रुतलो तेव्हा परत फिरलो.

आईला आता ब्याण्णव वर्षे पूर्ण झाली आहेत. घरी येऊन पाय धुतले आणि तिला सारे सांगितले. तिथी, पाऊणपट, ओहोटी, खलाशाचे बोलणे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “पाणी नव्हते, तर तसे त्याच रात्री कोणीतरी येऊन सांगायला हवे होते.”