याकिमा : कालव्यात वाचलेले पाणी नदीला देणारे खोरे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेत उगम पावणारी आणि सुमारे ३४४ किलोमीटर वाहून कोलंबिया नदीला मिळणारी याकिमा ही लांबीने मध्यम प्रतीची नदी आहे. तरीही नदी-पुनरुज्जीवनाच्या अभ्यासात तिचे नाव वारंवार घेतले जाते. बारमाही बागायतीसाठी जवळजवळ पूर्णपणे राबवून घेतलेल्या या नदीला तिचे काही पाणी आणि तिचे काठ परत मिळवून देण्याचा प्रयत्न येथे चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. कालव्यात वाचवलेले पाणी आपोआप नदीचे होत नाही, ते नदीच्या नावावर लिहून द्यावे लागते, हे या खोऱ्याच्या अनुभवाचे सार होय.

खोरे आणि त्याची तहान

याकिमाचे खोरे सुमारे १५,९०० चौरस किलोमीटरचे आहे. पर्वतमाथ्यावर वर्षाला अडीचशे सेंटिमीटरहून अधिक पर्जन्य होते आणि त्यातील बराच भाग बर्फाच्या रूपाने पडतो. खोऱ्याच्या खालच्या टोकाला मात्र जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही हा कोरडा भाग सफरचंद, चेरी आणि द्राक्षांच्या बागांनी फुललेला आहे. अमेरिकेतील हॉप्सच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन याच खोऱ्यात होते. ही किमया कालव्यांची आहे.

केंद्र सरकारच्या सिंचन प्रकल्पाला येथे १९०५ मध्ये मान्यता मिळाली आणि १९१० ते १९३३ या काळात पाच मोठी धरणे उभी राहिली. त्यांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे ४६ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयना जलाशयाच्या निम्म्याहून कमी आहे. या पाण्यावर सुमारे १ लाख ८८ हजार हेक्टर जमीन भिजते. वर्षभरात खोऱ्यातून वाहणाऱ्या पाण्याचा सुमारे तीस टक्के भागच धरणांत मावतो. उरलेला भरवसा डोंगरावर हळूहळू वितळणाऱ्या बर्फाचा. म्हणूनच तेथे बर्फाला ‘सहावे धरण’ म्हटले जाते.

या व्यवस्थेचा भार नदीवर पडला. एकेकाळी समुद्रातून कोलंबियामार्गे वर्षाला सुमारे आठ लाख सॅमन मासे या खोऱ्यात अंडी घालण्यासाठी येत असावेत, असा अंदाज आहे. धरणे बांधताना त्यांना वर जाण्यासाठी वाट ठेवली गेली नाही. सरोवरांवर अवलंबून असणारी सॉकाय ही जात खोऱ्यातून नाहीशी झाली आणि १९८० च्या सुमारास इतर सॅमनही काही हजारांवर आले. या माशांवर ज्यांचे अन्न आणि धर्मजीवन उभे होते, त्या याकमा आदिवासी राष्ट्राला १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळाला होता. मासेच उरले नाहीत, तर तो हक्क कागदावरच राहणार होता.

१९८० चा आदेश

१९८० च्या शरद ऋतूत हा पेच न्यायालयात गेला. सिंचनाचा हंगाम संपला होता. पुढील वर्षासाठी साठा करावा म्हणून धरणांचे विसर्ग कमी होणार होते. त्याच वेळी वरच्या पात्रात, धरणांखालच्या वाळू-गोट्यांत, सॅमनची अंड्यांची घरटी आढळली. पाणी उतरताच ती उघडी पडून सुकली असती. संघीय न्यायालयाने घरटी पाण्याखाली राहतील इतका विसर्ग चालू ठेवण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांच्या सिंचन संस्थांनी त्याला आव्हान दिले, परंतु पुढे अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला.

या आदेशातून १९८१ पासून धरणांच्या चालनाची नवी पद्धत आली. तिला ‘फ्लिप-फ्लॉप’ म्हणतात. ऑगस्टअखेरपर्यंत खालच्या भागाची गरज मुख्य याकिमावरील धरणांतून भागवली जाते. सप्टेंबरच्या आरंभी हा भार नाचेस या उपनदीवरील धरणांकडे वळवला जातो. त्यामुळे वरच्या याकिमातील पाणी अंडी घालण्यापूर्वीच उतरते आणि मासे पात्राच्या खोल भागात घरटी करतात. हिवाळ्यातील तुटपुंज्या विसर्गातही ती बुडालेली राहतात. नवे धरण किंवा नवा कालवा न बांधता, केवळ पाणी सोडण्याची वेळ बदलून साधलेली ही सुधारणा आहे. मात्र तिची किंमत नाचेसला मोजावी लागते. तेथे सप्टेंबरमध्ये अनैसर्गिक लोंढा येतो.

वाचलेले पाणी कोणाचे?

दुसरा टप्पा कालव्यांच्या सुधारणेचा. मातीच्या कालव्यांतून झिरपा होतो आणि उघड्या चाऱ्यांच्या शेवटी जादा पाणी वाहून जाते. त्यामुळे शेताला लागते त्याहून अधिक पाणी नदीतून उचलावे लागते. यावर उपाय परिचित आहेत : अस्तरीकरण, चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिका, स्वयंचलित दरवाजे, आणि कालव्याच्या मध्यावर कमीजास्त पाणी सामावून घेणारे छोटे संतुलन तलाव. याकिमातील सनीसाइड आणि रोझा या मोठ्या सिंचन संस्थांनी ही कामे केली.

परंतु येथे एक गणित ध्यानात घेतले पाहिजे. समजा, कालवा नदीतून शंभर भाग पाणी उचलतो, सत्तर भाग शेतात पोहोचते आणि तीस भाग झिरपते. ते तीस भाग सर्वस्वी वाया जात नाही. त्यातील बरेच पाणी निचऱ्यावाटे काही किलोमीटर खाली पुन्हा नदीला मिळते, काही विहिरींना पाझर देते. कालवा बंदिस्त केला आणि तरीही शंभर भागच उचलून वाचलेल्या पाण्यावर नवे क्षेत्र भिजवले, तर नदीची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होते. उचल सत्तर भागांवर आणली, तरच बंधारा आणि निचऱ्याचे मुख यांमधला कोरडा पट्टा पुन्हा वाहू लागतो.

१९९४ च्या संघीय कायद्याने नेमकी हीच गाठ बांधली. सरकारी साहाय्याने झालेल्या सुधारणांतून जे पाणी वाचेल, त्याचे दोन तृतीयांश नदीत राहावे आणि एक तृतीयांश सिंचनाला मिळावे, असे ठरले. सनीसाइड आणि प्रॉसर येथील बंधाऱ्यांखाली वर्षाच्या एकूण उपलब्धतेनुसार किमान किती विसर्ग ठेवायचा, हेही निश्चित झाले. शेतकऱ्याला अधिक खात्रीचा पुरवठा आणि नदीला लेखी वाटा, अशी ही देवाणघेवाण होती.

गढूळ निचरा

खालच्या खोऱ्यातील प्रश्न पाण्याच्या मापाइतकाच त्याच्या गुणवत्तेचाही होता. उताराच्या शेतांत सरी पद्धतीने पाणी दिल्यामुळे माती वाहून नदीत जाई. १९७२ मध्ये बंदी आलेले डीडीटी या मातीला चिकटून राहिले होते आणि ते गाळाबरोबर माशांच्या शरीरात पोहोचत होते. तळाशी राहणारे मासे बेताने खावेत, अशी सूचना १९९३ मध्ये आरोग्य खात्याला द्यावी लागली.

रोझा आणि सनीसाइड यांच्या संयुक्त मंडळाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःचाच नियम केला. शेतातून बाहेर पडणारे पाणी ठराविक मर्यादेपेक्षा गढूळ असेल, तर त्या शेताचा पुरवठा कमी करता येईल. शेतकरी तुषार आणि ठिबक सिंचनाकडे वळले, काहींनी गाळ बसवण्यासाठी शेताच्या टोकाला खड्डे केले. निचऱ्यातील गाळ मोठ्या प्रमाणात घटला आणि २००९ मध्ये ती आरोग्यसूचना मागे घेण्यात आली.

काठ, ओढे आणि पूरक्षेत्र

पात्रात पाणी असले म्हणजे नदी जिवंत झाली, असे होत नाही. पिलांना सावली, मंद प्रवाहाचे डोह आणि लपायला जागा लागते. जंगलतोडीच्या काळात ओंडके वाहून नेण्यासाठी ओढे साफ केले गेले. पुढे बांध घालून नदी सरळ आणि अरुंद केली गेली. त्यामुळे पात्र खोल चिरत गेले आणि काठची जमीन कोरडी पडली.

आता हे उलट्या दिशेने केले जात आहे. वरच्या ओढ्यांत हेलिकॉप्टरने मोठे ओंडके परत टाकले जातात, म्हणजे पाणी अडते, पसरते आणि जमिनीत मुरते. शेतात उपद्रव करणारे बीव्हर पकडून डोंगरातील ओढ्यांवर सोडले जातात. त्यांचे काटक्यांचे बांध उन्हाळ्यातला पाझर वाढवतात. याकिमा शहराजवळ पूरबांध मागे सरकवून नदीला पसरायला जागा दिली गेली. २०१३ मध्ये राज्याने तियानावे उपनदीच्या खोऱ्यातील ५०,२४१ एकर वनजमीन विकत घेऊन राज्यातील पहिले सामुदायिक वन स्थापन केले. २०१५ च्या दुष्काळात किटिटास भागातील सिंचन संस्थेने आपल्या कालव्यातून आटलेल्या ओढ्यांत पाणी सोडले. ज्या कालव्याने ओढे तोडले होते, तोच त्यांना पाणी पोहोचवू लागला.

एकात्मिक योजना आणि तिच्या मर्यादा

२००९ मध्ये याकमा राष्ट्र, सिंचन संस्था, राज्य आणि संघीय शासन, परगणे व पर्यावरण संस्था एका मेजावर आल्या. त्यांतून २०१२ मध्ये सात अंगांची एकात्मिक योजना तयार झाली : धरणांवर माशांसाठी मार्ग, विद्यमान बांधकामांत व चालनात बदल, भूपृष्ठावरील साठवण, भूजल पुनर्भरण, अधिवासाचे रक्षण, पाणीबचत आणि पाण्याची ऐच्छिक देवघेव. कनिष्ठ हक्कदारांना दुष्काळातही सत्तर टक्के पाणी मिळावे, हे तिचे एक उद्दिष्ट आहे. २०१५ मध्ये त्यांना सुमारे सत्तेचाळीस टक्केच मिळाले होते. त्या वर्षी पर्जन्य फारसे कमी नव्हते, पण ते बर्फाऐवजी पावसाच्या रूपाने पडून वाहून गेले.

योजनेतील साठवणवाढीच्या प्रस्तावांना सरोवरकाठचे रहिवासी आणि काही वनप्रेमी संस्थांचा विरोध आहे. खालच्या पात्रातील पाणी उन्हाळ्यात इतके तापते की सॅमनची वाटच अडते. २०२३ पासून सलग तीन वर्षे राज्यात दुष्काळाच्या घोषणा झाल्या. ‘सहावे धरण’ रिकामे होत चालले, तर आजवरची बचत अपुरी पडेल, ही भीती निराधार नाही.

तरीही मिळालेले थोडे नाही. याकमा राष्ट्राने २००९ मध्ये क्ली एलम सरोवरात सॉकाय सोडले आणि ही जात खोऱ्यात पुन्हा अंडी घालू लागली. १९७७ मध्ये सुरू झालेला खोऱ्यातील पाणीहक्कांच्या निश्चितीचा दावा बेचाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, अंतिम निकालापर्यंत पोहोचला. कोणाचे पाणी किती, हे लिहिले गेल्यामुळे नदीचे किती, हेही लिहिता येऊ लागले. पाणीवाटपाचे तंटे जेथे जेथे आहेत, तेथे या खोऱ्याकडून घेण्याजोगे आहे ते हेच : वाटणीच्या कागदावर नदीलाही एक हिस्सेदार मानावे लागते, आणि तो हिस्सा तिच्या पात्रात पोहोचतो की नाही, हे दरवर्षी मोजावे लागते.